वंशाचा रकाना आणि लघवीचा रिपोर्ट



गर्भारपणात मूत्रपिंडाला होणारा जंतुसंसर्ग हा व्याख्यानमालांचा नेहमीचा विषय नव्हे. समाज, धर्म, वंश हे मात्र आपल्या व्यासपीठांचे रोजचे विषय. या दोहोंची जिथे गाठ पडते, त्या जागेबद्दल आज मला बोलायचं आहे. गेली काही वर्षं वैद्यकीय नियतकालिकांत एका विशिष्ट घाटाचे निबंध येत असतात. एखाद्या मोठ्या रुग्णालयात काही वर्षांत या संसर्गामुळे दाखल झालेल्या गर्भवतींचे केसपेपर काढायचे, वंशानुसार किंवा जमातीनुसार त्यांचे दोन-तीन गट पाडायचे, आणि कोणत्या गटातल्या जंतूंना कोणती प्रतिजैविकं लागू पडत नाहीत याचा तक्ता मांडायचा. तक्त्यात फरक दिसतो आणि तो बहुधा खराच असतो. आकड्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यातून हळूच निघणाऱ्या सल्ल्याशी: उपचार ठरवताना बाई कोणत्या वंशाची आहे तेही पाहावं, हा तो सल्ला. माझं म्हणणं असं की वंशाच्या रकान्यावरून कुठे शोधायला जावं हे फार तर कळतं, तिथे काय सापडेल ते कळत नाही. त्या रकान्यावर विसंबून शोध सुरू करायला हरकत नाही, पण औषध लिहू नये.

आधी रोग समजून घेऊ. लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे 'उन्हाळे लागले' म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी देतात. एरवी बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतंही. दिवस गेलेल्या बाईचं तसं नसतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाब येतो, आणि गर्भाशय थोडं उजवीकडे कललेलं असल्यामुळे उजवी वाहिनी जास्त दबते. लघवी साचून राहते आणि मूत्राशयातले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. शंभर गर्भवतींपैकी दोन ते सात जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू असतात. बोस्टनचे एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात याचं मोजमाप बसवलं. एका मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू ही त्यांनी ठरवलेली रेषा आजही प्रयोगशाळांत चालते. अशा बायकांना उपचार मिळाला नाही तर त्यांतल्या वीस ते चाळीस टक्क्यांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, असं त्या काळातल्या अभ्यासांत दिसलं होतं. थंडी वाजून ताप, कुशीत कळा, उलट्या अशी त्याची लक्षणं. टेक्सासमधल्या डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या ४४० रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १७ टक्के जणींच्या रक्तात संसर्ग पसरला होता आणि ७ टक्के जणींच्या फुप्फुसांवर परिणाम झाला होता. ही रुग्णालयात वेळेवर पोचलेल्या बायकांची गोष्ट आहे.

हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, आणि तो येतो त्या बाईच्या स्वतःच्याच आतड्यातून. पुढचा सगळा युक्तिवाद या गोष्टीवर उभा आहे. म्हणजे प्रश्न असा होतो की तिच्या आतड्यात कोणता ई. कोलाय राहतो आणि तो तिथे कसा आला. जंतू साधा असेल तर सेफ्ट्रियाक्झोनसारख्या इंजेक्शननं दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. पण तो ईएसबीएल नावाची विकरं बनवणारा असेल, तर पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन कुळातली बहुतेक औषधं तो मोडून टाकतो. गर्भार बाईच्या बाबतीत मग हात फार लवकर बांधले जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याची भावंडं शक्यतो टाळायची, टेट्रासायक्लिन द्यायचं नाही, ट्रायमेथोप्रिम पहिल्या तिमाहीत नको आणि त्याच्या जोडीचं सल्फा शेवटच्या दिवसांत नको, जेंटामायसिन जपून. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनच्या तोंडी मात्रा मूत्राशयापुरत्या ठीक, पण मूत्रपिंडाच्या पेशींत त्या पुरेशा पोचत नाहीत. उरतात मेरोपेनेम, एर्टापेनेम ही कार्बापेनेम कुळातली औषधं. ती आपण शेवटची शस्त्रं म्हणून राखून ठेवलेली आहेत.

हे कळतं कसं, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. तिथे वायरच्या एका बारीक कडीनं ती मॅकॉन्की आगरच्या ताटलीवर रेघोट्या ओढत पसरतात. कडीत मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. म्हणून रात्रभर उबेत ठेवलेल्या ताटलीवर सकाळी शंभर वसाहती उगवल्या की कास यांचा लाखाचा आकडा भरला. ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांतला जंतू नव्या ताटलीवर पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. नुसत्या सेफोटॅक्झिमच्या चकतीभोवतीचं वर्तुळ तोकडं, पण त्याच औषधात क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेल्या चकतीभोवतीचं पाच मिलिमीटरनं किंवा त्याहून अधिक मोठं भरलं, तर जंतू ईएसबीएलचा. या सगळ्याला दोन दिवस जातात. वंश पाहून औषध ठरवण्याचा मोह होतो तो याच दोन दिवसांत.

आता पुराव्याकडे वळू. बर्मिंगहॅममध्ये झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. समाजात वावरणाऱ्या लोकांच्या शौचाच्या नमुन्यांत सीटीएक्स-एम जातीचं ईएसबीएल असलेला ई. कोलाय किती सापडतो, हे त्यात पाहिलं होतं. लोकांचे दोन गट पाडले होते ते त्यांच्या नावांवरून: नाव युरोपीय वाटतं, की मध्यपूर्वेतलं अथवा दक्षिण आशियाई. पहिल्या गटात प्रमाण ८.१ टक्के निघालं, दुसऱ्यात २२.८ टक्के. हा अभ्यास गर्भवतींचा नव्हता आणि आजारपणाचाही नव्हता. पण लघवीतला जंतू आतड्यातूनच येत असल्यानं त्याचं महत्त्व उघड आहे. फरक जवळजवळ तिपटीचा. केवळ हा आकडा हातात देऊन कुणी म्हणालं की पटेल, खान किंवा देशपांडे आडनावाची गर्भवती तापानं फणफणत आली तर थेट मेरोपेनेम लावा, तर ते वरकरणी शहाणपणाचं वाटेल. पुढे इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत एकूण प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आढळलं. भारतीय उपखंडात जन्म होणं आणि नुकताच तिकडे प्रवास केलेला असणं, या दोन्ही गोष्टींमुळे ते प्रमाण बरंच वाढत होतं. नावाच्या मागे काय दडलं आहे, याचा धागा इथे हाती लागू लागतो.

तो धागा पुरता उलगडतो डच प्रवाशांच्या अभ्यासात. २०१२-१३ साली नेदरलँड्समधून परदेशी जाणाऱ्या सुमारे दोन हजार प्रवाशांचे नमुने जाण्याआधी आणि परतल्यावर तपासले गेले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जाताना ज्यांच्या आतड्यात हा जंतू नव्हता, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोक तो घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं. चारांपैकी तीन जण, आणि तेही काही आठवड्यांच्या सहलीत. प्रवासात जुलाब झाले असतील किंवा प्रतिजैविक घेतलं असेल तर धोका आणखी वाढत होता. निम्म्या लोकांच्या आतड्यातून जंतू महिनाभरात निघून गेला, पण वर्षानंतरही ११ टक्के लोकांत तो होता. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तो लागण्याची शक्यता संशोधकांनी १२ टक्क्यांच्या घरात धरली. या प्रवाशांनी दिल्ली-आग्र्याचं पाणी प्यायलं, जेवण जेवलं, आणि जंतू त्यांच्यासोबत घरी गेले. त्यासाठी वंशवृक्षात भारतीय पूर्वज असण्याची गरज पडली नाही.

आता हे दोन अभ्यास शेजारी ठेवा. बर्मिंगहॅमच्या आकड्यांचा नियम केला, तर तिसऱ्या पिढीची, भारतात कधी पाऊल न ठेवलेली गुजराती किंवा मराठी सून कारण नसताना राखीव औषधावर जाते, कारण तिच्यासारख्या नावाच्या शंभरांपैकी सत्त्याहत्तर जणींच्या आतड्यात हा जंतू नसतोच. आणि दोन आठवड्यांपूर्वी जयपूरहून परतलेल्या गोऱ्या गर्भवतीला नेहमीचं सेफ्ट्रियाक्झोन मिळतं, ते कदाचित लागूच पडत नाही, आणि जंतू रक्तात उतरेपर्यंत दोन दिवस वाया जातात. एका नियमानं दोघींचीही गफलत होते. 'गेल्या वर्षभरात तुम्ही किंवा घरातलं कुणी भारत-पाकिस्तान-बांगलादेशात जाऊन आलात का?' या प्रश्नाला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि तो दोघींनाही लागू पडतो. लंडन-लेस्टरमधल्या आपल्या माणसांची दर दोन वर्षांनी पुण्या-सांगलीला फेरी होते, आजी सहा महिने नातवंडांकडे राहायला जाते. त्यांच्या बाबतीत आडनाव आणि प्रवास हे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की प्रवास न विचारता आडनावावरून अंदाज बांधणं सोयीचं वाटतं. ही सोयच मला खटकते.

इथे आपल्याला अवघड वाटेल अशी एक गोष्ट बोलली पाहिजे. सीटीएक्स-एम-१५ हे आज जगभर पसरलेलं विकर पहिल्यांदा सापडलं ते १९९९ साली नवी दिल्लीतल्या नमुन्यांत. २००८ साली भारतात रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या, स्वीडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेमलाही न जुमानणारा जंतू मिळाला, आणि त्याच्या विकराला दिल्लीचं नाव मिळालं: एनडीएम-१. २०१० साली यावर भारतात मोठं वादळ उठलं. आपल्या राजधानीचं नाव रोगाला चिकटवल्याचा तो राग मला समजतो. पण २०११ साली दिल्लीतल्या पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्यावर झिरपून साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक सापडलं. त्या आकड्यांवर रागावून काही निष्पन्न होत नाही. आणि ज्या न्यायानं आपण म्हणालो की हा आमच्या रक्ताचा नसून आमच्या सांडपाण्याचा आणि औषधवापराचा प्रश्न आहे, तोच न्याय इतरांच्या वंशालाही लावावा लागतो. आपल्याच देशातल्या इतर जातीजमातींनाही तो लावावा लागतो, त्याकडे मी शेवटी येईन.

पहिला मोठा आक्षेप असा: प्रवासाचं ठीक आहे, पण जिथे दोन गट एकाच प्रदेशात राहतात, एकाच रुग्णालयात येतात आणि विम्याचे हक्कही सारखे असतात, तिथे उरलेला फरक वंशाचाच मानायला नको का? या आक्षेपाचं ठळक उदाहरण म्हणजे इस्रायलच्या दक्षिणेकडचं बीरशेवा. तिथल्या सोरोका रुग्णालयात ज्यू आणि बेदुइन अरब अशा दोन्ही समाजांच्या स्त्रिया बाळंतपणासाठी येतात. १९९५ पासून लागू झालेल्या कायद्यानं सगळ्या रहिवाशांना आरोग्यविमा आहे. संशोधकाला दोन रकाने आयते मिळतात, विमा समान आहे असं म्हणता येतं, मग उरलेलं सगळं वंशाच्या माथी मारणं सोपं जातं. पण नेगेवच्या वाळवंटात बेदुइनांच्या कितीतरी वस्त्या सरकारदरबारी मान्यता नसलेल्या आहेत. राष्ट्रीय जलवाहिनीचं पाणी तिथे घरात येत नाही, वीज नाही, पक्का रस्ता नाही. विमा एक आणि नळ वेगळे, अशी ही समानता आहे. तक्त्यात 'बेदुइन' असं लिहिलेल्या रकान्यात त्या बायकांचं पाणी, घरातली माणसं, दवाखान्याचं अंतर आणि आधी किती वेळा अर्धवट प्रतिजैविक घेतलं हे सगळं न लिहिता भरलेलं असतं. विमा समान केला की परिस्थिती समान झाली असं धरून चालणं, हीच या निबंधांतली गफलत.

अमेरिकेतला पुरावा मला याहून बोलका वाटतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत १९९३ ते २०१० या काळातल्या पाच लाखांहून अधिक गर्भारपणांचा अभ्यास झाला. मूत्रपिंडाचा संसर्ग सुमारे अर्धा टक्का गर्भवतींना झाला, आणि त्यांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक बायका अधिक होत्या. त्याच यादीत कमी वय, कमी शिक्षण, दवाखान्यात उशिरा नाव घालणं आणि धूम्रपान हेही घटक होते. आता पुन्हा डॅलसच्या पार्कलँडकडे पाहा. ते सार्वजनिक रुग्णालय, येणाऱ्या बहुतेक बायका गरीब. तिथे ३२ हजारांहून अधिक गर्भवतींत संसर्गाचं प्रमाण दर हजारी १४ होतं, म्हणजे बरंच जास्त, पण वंशावंशांत लक्षणीय फरक आढळला नाही. वय आणि पहिलं बाळंतपण यांचा मात्र संबंध दिसला. हे दोन अभ्यास तंतोतंत तुलना करण्याजोगे नाहीत, आणि दोन्ही संसर्गाचे आहेत, औषधरोधाचे नव्हेत, हे मान्य. तरीही जिथे श्रीमंत-गरीब एकाच यादीत येतात तिथे वंश वर येतो, आणि जिथे जवळपास सगळ्याच गरीब असतात तिथे तो मावळतो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुसरा आक्षेप जीवशास्त्राचा. माणसामाणसांत जनुकीय फरक असतात, आणि काहींना मूत्रमार्गाचे संसर्ग अधिक होतात, हे नाकारता येईल का? नाकारायचं कारणच नाही. मूत्रपिंडाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या मुलींत पी-१ रक्तगट अधिक आढळतो, असं १९८०च्या दशकातल्या स्वीडिश संशोधनात दिसलं होतं. सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या गर्भवतींच्या लघवीत जंतू जास्त सापडतात असं बराच काळ मानलं गेलं, पुढच्या अभ्यासांनी त्यावर शंका घेतली. पण हे सगळं जंतू बाईला धरतो की नाही याबद्दलचं आहे. धरलेला जंतू औषधाला दाद देतो की नाही, हा प्रश्न निराळा. औषध मोडणाऱ्या विकराचं जनुक बहुधा जंतूच्या प्लाझ्मिडवर असतं. डीएनएचं ते लहानसं कडं एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतं, आणि आईच्या गुणसूत्रांशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. संसर्ग किती आणि औषधरोध किती ही दोन मोजमापं एकाच तक्त्यात शेजारी छापली की वाचणारा पहिल्याचं कारण दुसऱ्याला लावून मोकळा होतो.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरचा आहे. तो म्हणेल, 'तुमचं तत्त्वज्ञान राहू द्या. बाईला १०३ ताप आहे, बाळाचे ठोके १८०वर गेलेत, कल्चरचा रिपोर्ट परवा येणार. मला आत्ता एक इंजेक्शन निवडायचं आहे. वंशानं थोडा जरी अंदाज येत असेल तर तो मी का सोडू?' याचं उत्तर तत्त्वातून देऊन भागणार नाही, अनुभवातूनच द्यायला हवं, आणि सुदैवानं तसा अनुभव आहे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१८ साली तान्ह्या मुलांच्या तापामागे मूत्रसंसर्ग असण्याची शक्यता काढणारं एक गणकयंत्र तयार केलं. त्यात मूल कृष्णवर्णीय आहे का असा एक प्रश्न होता, आणि उत्तर 'हो' आलं की शक्यता घटायची. म्हणजे त्या मुलाची लघवी तपासली जाण्याची शक्यताही घटायची. २०२० साली वैद्यकातल्या अशा वंशाधारित सुधारणांवर जोरदार टीका झाल्यावर त्याच संशोधकांनी यंत्र नव्यानं बांधलं. वंश काढला आणि त्या जागी दोन प्रश्न घातले: आधी असा संसर्ग झाला होता का, आणि ताप किती वेळ आहे. अचूकता जवळपास तितकीच राहिली. सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती यशस्वी होईल का हे सांगणाऱ्या २००७च्या गणितातूनही २०२१ साली वंश वगळला गेला. त्याच वर्षी अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या समीकरणातून वंश गेला. मूत्रसंसर्ग, बाळंतपण, मूत्रपिंड: आजच्या विषयाला लागून असलेल्या तिन्ही ठिकाणी हे होऊन चुकलं आहे. तेव्हा त्या डॉक्टरनं अंदाज सोडावा असं मी म्हणत नाही. त्यानं चांगला अंदाज बांधावा. तीन महिन्यांत कोणतं प्रतिजैविक घेतलं, वर्षभरात रुग्णालयात भरती होती का, आधीच्या कल्चरचा रिपोर्ट आहे का, प्रवास झाला का. उत्तरं काळजीची असली आणि बाई अत्यवस्थ असली तर रात्रीच मेरोपेनेम लावावं, आणि परवा रिपोर्ट आल्यावर शक्य असेल तर साध्या औषधावर उतरावं. यात वंशाला काम उरत नाही.

चौथा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो, आणि तो मी निम्मा मान्य करतो. वंश नोंदवायचाच नाही असं ठरवलं तर अन्यायही दिसेनासा होईल. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची वंशवार नोंद ठेवली जाते म्हणूनच कृष्णवर्णीय मातांचं मृत्युप्रमाण गोऱ्या मातांच्या दुपटीहून अधिक आहे हे वर्षानुवर्षं पुढे येत राहिलं, आणि आशियाई मातांचंही अधिक आहे हे कळलं. नोंदच नसती तर कुणाला जाब विचारता आला असता? म्हणून पाहणीच्या वहीत तो रकाना असावा. फरक दिसला की तिथून पुढे पाणी, घर, भाषा, दवाखान्याचं अंतर इथपर्यंत शोध न्यावा. केसपेपरच्या औषधाच्या ओळीत मात्र तो असू नये. वही आणि केसपेपर यांच्यातली ही भिंत प्रत्यक्षात टिकवणं कठीण आहे, कारण वहीतला आकडा पाठ्यपुस्तकात जातो आणि पाठ्यपुस्तकातला ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या डोक्यात. या अडचणीवर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

खरं तर हा सगळा घोळ रात्री दोनच्या त्या खाटेपर्यंत पोचण्याआधीच आवरता येतो. गर्भारपणाच्या सुरुवातीला, त्रास नसताना, प्रत्येकीची लघवी कल्चरला पाठवली तर जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला वश होतो हे ताप येण्यापूर्वी कळतं. तो मूत्राशयातच असताना नायट्रोफ्युरँटॉइनसारखं साधं, स्वस्त औषध अजून उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली हेच सांगितलं: कल्चर करा, ते शक्य नसेल तर जागेवर ग्रॅम रंगवून पाहा, आणि जंतू सापडले तर सात दिवस उपचार द्या. यावर नेदरलँड्समधून एक जड आक्षेप आला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, लघवीत जंतू असूनही उपचार न मिळालेल्या गर्भवतींपैकी फक्त २.४ टक्के जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. जंतू नसलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. कास यांच्या काळातल्या आकड्यांच्या मानानं हे नगण्यच म्हणायचं. मग सरसकट तपासणीचा खटाटोप कशाला, असं तिथले लोक विचारतात, आणि त्यांच्या देशापुरता तो प्रश्न रास्त आहे. पण निरोगी, कमी जोखमीच्या डच बायका निवडून काढलेला आकडा नंदुरबारला किंवा मराठवाड्याला जसाच्या तसा लावणं, ही बर्मिंगहॅमच्या नावांवरून औषध ठरवण्याचीच उलटी आवृत्ती झाली.

आपल्याकडे आज काय होतं? गर्भवतीच्या हातात माता व बाल संरक्षण कार्ड असतं. त्यात लघवीची तपासणी आहे, पण ती अल्ब्युमिन आणि साखरेची. जंतूंची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात कल्चरची सोय नसते आणि नमुना थंड ठेवून जिल्ह्याला पोचवण्याची व्यवस्था सहसा नसते. दुसरीकडे प्रतिजैविकं २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनंतरही कित्येक मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळतात. दोन गोळ्या घेतल्या, जळजळ थांबली, उरलेल्या डबीत. आता ऊसतोडीला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच मुकादमाकडे तिची मोजदाद. बीडच्या गावात तिचं कार्ड, आणि दिवाळीनंतर पाच-सहा महिने ती सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकाच्या फडात. राहायला कोपी, संडास नाही, पाणी कमी प्यायचं म्हणजे उठावं लागत नाही. ताप आला तर जवळच्या गावातल्या डॉक्टरचं एक इंजेक्शन, कोणतं ते कागदावर नाही. उद्या एखाद्या रुग्णालयानं जातवार तक्ता काढला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जातींच्या रकान्यात औषधरोधाचा आकडा चढलेला निघाला, तर मला नवल वाटणार नाही. आकडा बरोबर असेल. आणि 'या जातीच्या बायकांत रोधक जंतू अधिक' असं त्याचं शीर्षक छापलं गेलं, तर फड, कोपी, मुकादम आणि ते नाव नसलेलं इंजेक्शन ही चारही कारणं एका आडनावाखाली गडप होतील.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१३ साली औषधरोधावर नजर ठेवणारं प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं, हे मोठं काम आहे. पण त्यातले बहुतेक नमुने मोठ्या रुग्णालयांतले, आणि त्यांची विभागणी होते ती मुख्यतः नमुना कशाचा आणि रुग्ण बाह्यरुग्ण विभागातला, वॉर्डातला की अतिदक्षता विभागातला, अशी. लघवीचा नमुना पाठवतानाच्या अर्जावर काही ओळी वाढवायला हव्यात: बाई गर्भवती आहे का आणि कितवा महिना, प्यायचं पाणी कुठलं, तीन महिन्यांत कोणतं प्रतिजैविक घेतलं, नाव माहीत नसेल तर तसं, गेल्या सहा महिन्यांत मुक्काम कुठे कुठे होता. आशाताईला किंवा नर्सला हे विचारायला फार वेळ लागत नाही, आणि या उत्तरांचा उपयोग त्याच रात्री औषध निवडतानाही होतो. अशा ओळी भरलेले दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट एकदा हाती आले, की शेजारी जातीचा किंवा धर्माचा रकाना ठेवून हिशोब मांडायला माझी हरकत नाही. पाणी, औषधं आणि मुक्काम वजा केल्यावर त्या रकान्यात काही शिल्लक राहतं का, ते तेव्हा पाहता येईल.